गोळ्या कुठे ठेवता? दोन्ही प्रकारच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये ट्रॉयजवळ राहणाऱ्या एका आईचा १६ वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून गप्प आहे. क्रिकेट सुटलंय, रात्र-रात्र जागतो, मार्क घसरलेत. गेल्या आठवड्यात शाळेच्या कौन्सेलरचा फोन आला. मुलाने निबंधात लिहिलं होतं की, मी नसतो तर घरच्यांना सोपं गेलं असतं. वडिलांनी २०२० मध्ये घेतलेलं पिस्तूल बेडरूमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे असतं. वडिलांचं म्हणणं, मुलाला त्याचा पत्ताही नाही, आपला मुलगा 'तसला' नाही, आणि डॉक्टरांना सांगितलं तर सगळं रेकॉर्डवर येईल. पुढच्या महिन्यात सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. आई विचारते, माझा मुलगा धोकादायक आहे का?

ताई, तुमचा मुलगा धोकादायक आहे का, हे त्याला न बघता मी सांगू शकत नाही. बघूनही खात्रीने सांगता येणार नाही. मुलांची मानसोपचारतज्ज्ञ म्हणून तेवीस वर्षं काम करूनही ते जमत नाही, आणि जमतं म्हणणाऱ्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही. पण ते पिस्तूल आज रात्री घराबाहेर गेलं पाहिजे, हे मी मुलाला न बघता सांगू शकते. अपॉइंटमेंट मिळायला इथे महिना-दीड महिना लागतो. पिस्तुलाला एक संध्याकाळ पुरते.

आणि आजच मुलाला स्वच्छ शब्दांत विचारा: "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. बहुतेक मुलांना कुणीतरी विचारल्यावर हायसं वाटतं. तो हो म्हणाला आणि कसं, कधी हेही त्याने ठरवलेलं असेल, तर माझं बाकीचं उत्तर वाचत बसू नका. त्याला एकटं सोडू नका. ९८८ ला, म्हणजे आत्महत्येच्या संकटासाठीच्या अमेरिकेतल्या हेल्पलाइनला, फोन करा किंवा सरळ इमर्जन्सीत घेऊन जा.

आता साड्यांच्या मागच्या कप्प्याबद्दल. लपवलेलं आणि कुलपात असलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बंदूक असलेल्या घरांतले आईवडील आणि मुलं यांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं. 'आमच्या मुलाला बंदूक कुठे आहे ते माहीत नाही' असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुलं म्हणाली, माहीत आहे की! 'त्याने कधी हातही लावलेला नाही' म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. मला यात नवल वाटलं नाही. दिवाळीच्या चकल्या कुठल्या डब्यात आणि पाहुण्यांसाठीचं श्रीखंड फ्रीजमध्ये कशाच्या मागे, हे ज्या मुलांना आठव्या वर्षी कळतं, त्यांना सोळाव्या वर्षी कपाटातलं पिस्तूल कळणार नाही, असं कोण म्हणेल? वडिलांशिवाय कोणी नाही.

पिस्तुलाचा एवढा हट्ट का, आधी आजारावर बोला ना, असं मिस्टर म्हणतील. म्हणून थोडं मागे जाते.

माझं एमबीबीएस महाराष्ट्रात, एका सरकारी कॉलेजात झालं. इंटर्नशिपमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात पावसाळ्याच्या तोंडावर कीटकनाशक घेतलेले रुग्ण रोज यायचे. बरीचशी तरुण मुलं-मुली. घरात भांडण झालं, निकाल लागला, लग्न मोडलं आणि बाटली ओसरीवर हाताशी होती. वाचलेल्यांशी मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायचे. मरायचं होतं का विचारलं तर अनेकजण बुचकळ्यात पडायचे. "तेव्हा वाटलं होतं," एवढंच म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, हे लाजेपोटी बोलतात. ते खरंच बोलत होते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

श्रीलंकेने १९९५ नंतर सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. तिथला आत्महत्यांचा दर तेव्हा जगातल्या सर्वाधिक दरांपैकी होता, तो २००५ पर्यंत निम्म्यावर आला. त्या दहा वर्षांत तिथल्या लोकांची दुःखं निम्मी झाली नव्हती, यादवी युद्धही संपलेलं नव्हतं. बदललं ते एवढंच, की त्या घटकेला हाताशी काय होतं. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये नियम केला, की आठवड्याच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या जवानांनी रायफल छावणीतच ठेवायची. तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या.

ती घटका किती लहान असते? ह्यूस्टनमध्ये जिवावरच्या प्रयत्नांतून वाचलेल्या तरुणांना विचारलं होतं, ठरवणं आणि करणं यांत किती वेळ गेला. जवळजवळ चौथा हिस्सा म्हणाला, पाच मिनिटांपेक्षा कमी. अशा प्रयत्नातून एकदा वाचलेला माणूस पुढे आत्महत्येने जात नाही, दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत. पण बंदुकीच्या बाबतीत दहापैकी जवळजवळ नऊजण वाचतच नाहीत. पुढची सगळी वर्षं, कॉलेज, नोकरी, तुमच्याशी भांडणं, हे त्या पाच मिनिटांत घरात काय होतं यावर अवलंबून राहतं. म्हणून मी क्लिनिकमध्ये पहिल्या भेटीत विचारते, "घरात गोळ्या कुठे ठेवता?" मराठी पालक लगेच क्रोसिन कुठे, बीपीच्या कुठे ते सांगतात. मग मी म्हणते, "दोन्ही प्रकारच्या विचारतेय." तिथे जे नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, त्यांच्या घरी बंदूक असते.

आता 'तसला'. हा शब्द मी फार ऐकते, आणि मिशिगनमध्ये त्याचा एक पत्ता आहे. ऑक्सफर्ड हायस्कूल. तुमच्याच ओकलंड काउंटीत.

३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या १५ वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं, सातजणांना जखमी केलं. पिस्तूल चारच दिवस आधी, ब्लॅक फ्रायडेला, वडिलांनी त्याला बरोबर नेऊन घेतलं होतं. आदल्या दिवशी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला निरोप ठेवला. आईने मुलाला मेसेज केला की मी चिडलेली नाही, पकडलं न जायला शीक. दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या कागदावर बंदुकीचं, रक्ताळलेल्या माणसाचं चित्र आणि शेजारी लिहिलेलं, की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. आईवडिलांना शाळेत बोलावलं. कौन्सेलर म्हणाला, याला लवकर उपचार हवेत. त्यांनी मुलाला घरी नेलं नाही, कामावर परतले. मुलाची बॅग कोणीही तपासली नाही, शाळेनेही नाही. दोनेक तासांनी गोळीबार झाला. पिस्तुलासोबत मिळालेलं केबल लॉक वेष्टनातच सापडलं, आणि बाकीच्या बंदुकांच्या तिजोरीचा नंबर कारखान्यातून आला तसा ०-०-० होता.

त्या मुलाचे आईवडील, जेम्स आणि जेनिफर क्रम्बली, या दोघांना २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगवेगळ्या खटल्यांत ज्यूरीने निष्काळजीपणामुळे झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं आणि ९ एप्रिलला प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या सामूहिक गोळीबारासाठी अमेरिकेत आईवडिलांना असा दोष लागण्याची ती पहिली वेळ.

मी त्या खटल्याची बातमी रोज वाचत होते, कारण माझ्या वेटिंग रूममधले आईवडील तेच बोलत होते. घाबरलेले सगळे. आमचं मूल आजारी पडलं तर आम्हाला तुरुंगात टाकणार का? नाही. क्रम्बली दांपत्याला मुलाच्या आजाराबद्दल शिक्षा झाली नाही. मुलगा हलाखीत आहे हे दिसत असताना हत्यार त्याच्या हाती लागेल असं ठेवलं, आणि शाळेने बोलावल्यावर त्या हत्याराचा उल्लेखही केला नाही, याबद्दल झाली. आजार तुमच्या हातात नसतो, कप्पा असतो.

मानसिक आजाराची माणसं म्हणजे हिंसक, हा समज माझ्या पेशाने आयुष्यभर खोडत आणलाय. अमेरिकेतल्या एकूण हिंसेपैकी गंभीर मानसिक आजाराशी जोडता येणारा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आहे. निराश झालेल्या मुलाकडून दुसऱ्या कुणाला धोका असण्याची शक्यता फार थोडी, स्वतःला असण्याची कितीतरी जास्त. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने ४८,२०४ माणसं गेली आणि त्यातल्या २७,०३२ आत्महत्या होत्या. टीव्हीवर शाळा दिसतात. बेडरूम दिसत नाहीत. २०२० पासून तर १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, वाहनांच्या अपघातांच्याही वर. तेव्हा तुमचा मुलगा 'तसला' आहे की नाही हा वाद मिस्टरांनी जिंकला, तरी कपाट तसंच राहतं. शाळांमधल्या हल्ल्यांचा अमेरिकन सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये अभ्यास केला. बंदूक वापरलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातूनच आणली होती.

कायद्याचं थोडक्यात. १३ फेब्रुवारी २०२४ पासून मिशिगनमध्ये, जिथे अल्पवयीन मूल असण्याची शक्यता आहे तिथे, दुर्लक्षित ठेवलेली बंदूक कुलूपबंद पेटीत, किंवा रिकामी करून कुलूप लावून ठेवणं सक्तीचं आहे. मुलाच्या हाती लागून कुणाचा जीव गेला तर १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साड्या या कायद्यात बसत नाहीत. त्याच दिवसापासून दुसरा कायदाही लागू झालाय. घरातलं माणूस स्वतःला किंवा इतरांना इजा करेल अशी रास्त भीती असेल, तर पती, पत्नी, नातेवाईक, डॉक्टर किंवा पोलीस कोर्टाकडे जाऊन त्याच्याकडच्या बंदुका तात्पुरत्या काढून घेण्याचा आदेश मागू शकतात. टेक्सासमध्ये असा कायदा नाही. हे उत्तर तिथे वाचणाऱ्यांनी आपल्या राज्याचं बघावं.

'रेकॉर्डवर येईल' या भीतीबद्दल. मी फाइलमध्ये 'घरात पिस्तूल आहे, बाहेर हलवायचं ठरलं' असं लिहिते, ते कुठल्या सरकारी यादीत जात नाही. फ्लोरिडाने डॉक्टरांना बंदुकीबद्दल विचारायलाच बंदी करणारा कायदा केला होता, तो २०१७ मध्ये अपील कोर्टाने बहुतांशी रद्द केला. विचारणं हे आमचं काम आहे आणि सांगणं हा गुन्हा नाही. मुलगा स्वखुशीने हॉस्पिटलात दाखल झाला तर तेवढ्यावरून केंद्रीय कायद्याखाली त्याच्यावर पुढे बंदूकबंदी येत नाही. ती सक्तीने, कायदेशीर प्रक्रियेने भरती केल्यावर येते. हां, रेकॉर्डची खरी काळजी करायची असेल तर आपल्या लोकांनी दुसऱ्याच ठिकाणी करावी. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते, पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, जवळ बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे. २०२० च्या त्या घबराटीत, दुकानांबाहेर रांगा होत्या तेव्हा, मित्राने घेऊन 'तुझ्याकडे ठेव' म्हणून दिलेली पिस्तुलं मी ऐकली आहेत. मिस्टरांचे कागद आज बघाच.

तर पिस्तूल न्यायचं कुठे? पहिली पसंती, घराबाहेर. बंदुकांची काही दुकानं आणि नेमबाजीच्या रेंज ती ठेवून घेतात, काही पोलीस ठाणीही. आधी फोन करा. पिस्तूल हातात घेऊन ठाण्यात शिरू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगते. मित्राकडे द्यायचं तर कागदपत्रांचे नियम राज्यागणिक वेगळे, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. विकून टाकलंत तर मला आनंदच आहे, पण तो हट्ट मी धरत नाही. 'कायमचं टाका' म्हटलं की मिस्टरांशी भांडण सुरू होतं आणि पिस्तूल कप्प्यातच राहतं. "तो बरा होईपर्यंत" एवढंच म्हणा. मित्र दारू प्यायल्यावर आपण गाडीची किल्ली काढून घेतो, गाडी भंगारात देत नाही.

आजच्या आज बाहेर नेणं जमलं नाही, तर एक-दोन दिवसांपुरतं, पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. आणि आकडा बदला. मी आजवर ज्या ज्या मराठी घरात पेटीचा आकडा विचारला, तिथे निम्म्या वेळा तो मुलाचीच जन्मतारीख निघाला. प्रेमापोटी! गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा ही जागा नव्हे. किल्ली टेबलाच्या खणात नको, अंगावर.

किल्ली कुणाच्या अंगावर, हा प्रश्न मात्र मला तुम्हाला एकटीला विचारायचा आहे. मिस्टर कसे आहेत? झोप, नोकरी, पिणं? तीन-चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी यायची, तुमच्या मुलाच्याच वयाची. तिच्या औषधांवर, तिच्या झोपेवर आम्ही महिनोन्‌महिने बोललो. बंदूक बाहेर हलवली ती तिच्यासाठी. चौथ्या भेटीला आई म्हणाली, यांची नोकरी जाऊन पाच महिने झालेत, घरात कुणाला सांगितलेलं नाही, सकाळी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत जाऊन बसतात. त्या घरात जिवाला जास्त धोका मुलीला नव्हता. अमेरिकेत बंदुकीने आत्महत्या करणाऱ्यांत मोठी संख्या प्रौढ पुरुषांची आहे, आणि आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवण्यात पुरुष कुणाला हार जात नाहीत. ते गृहस्थ आज बरे आहेत. मी अजून स्वतःला विचारते, पहिल्याच भेटीत मी वडिलांकडे का बघितलं नाही.

सासऱ्यांच्या बॅगेबद्दल आता. सहा महिन्यांसाठी येणारे आजोबा सहा महिन्यांची औषधं आणतात: मधुमेह, रक्तदाब, हृदयाची, झोपेची. ती स्वयंपाकघरात ओट्यावर स्टीलच्या डब्यात उघडी राहतात. त्यांना कुलूपबंद पेटी घेऊन द्या, आठवड्याची डबी बाहेर ठेवा, बाकी आत. तुमच्या घरातल्या वेदनाशामकांच्या मोठ्या बाटल्याही आत. आजोबांना काय सांगायचं? मी म्हणेन, खरं सांगा, पण त्यांच्या पद्धतीने: नातू आजारी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय की घरात औषधं उघडी ठेवायची नाहीत. बऱ्याच आजोबांना यात अपमान वाटत नाही. काम मिळाल्यासारखं वाटतं. मुलं आईबापांशी बोलत नाहीत तेव्हा आजोबांशी पत्ते खेळताना बोलतात, हेही मी पुष्कळदा बघितलंय. तुमच्या मनात आलं असेल, की त्यांचं येणं पुढे ढकलावं. ढकलू नका.

मुलापासून यातलं काही लपवू नका. पिस्तूल गुपचूप हलवलंत आणि त्याने कप्पा रिकामा बघितला तर तो मनात काय अर्थ काढेल, सांगता येत नाही. वडिलांनी सांगावं, तुम्ही नाही. "तुला बरं वाटत नाहीये, म्हणून मी ते घरातून काढलंय. ती माझी जबाबदारी होती." एवढी दोन वाक्यं. भाषण नको, तुझ्यासाठी आम्ही देश सोडला वगैरे तर मुळीच नको. तो निबंधात जे लिहितोय ते त्याच हिशेबातून आलेलं असू शकतं.

उपचारांमध्ये औषध सुरू करायचं ठरलं तर त्याच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा वाचून दचकू नका. २००४ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने नैराश्यावरच्या गोळ्यांवर तो घालायला लावला, कारण सुरुवातीच्या काळात काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले होते. औषध टाळायचं हे कारण नाही, पहिले काही आठवडे जवळून लक्ष ठेवायचं कारण आहे. आणि घर पिस्तुलाविना हवं ते नेमकं या आठवड्यांत. 'आता औषध सुरू झालंय, आता काय काळजी' म्हणून पिस्तूल परत आणणारे वडील मला भेटलेत.

मित्राच्या घरी झोपायला जाणार असेल तर तिथल्या आईला विचारा, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात असते का. आपल्याला हे विचारणं जड जातं, मलाही माझ्या मुलांच्या वेळी गेलं होतं. शेंगदाण्याची ॲलर्जी, कुत्रा, स्विमिंग पूल यांच्या रांगेत चौथा प्रश्न म्हणून टाका. आजवर कुणी माझ्यावर रागावलेलं नाही. एकीने थोडं थांबून "आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून आज कुलूप लावते," असं सांगितलं.

पहिल्या भेटीला मिस्टरांना घेऊन या. शाळेचा तो निबंध कौन्सेलरकडून मागून घ्या, आजोबांच्या औषधांची यादी आणा, मुलगा काय खातो, किती वाजता झोपतो ते आठवडाभर लिहून आणा. अर्धा वेळ मी मुलाशी एकट्याशी बोलेन, तुम्ही बाहेर बसाल, आणि तो काय म्हणाला ते सगळं मी तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका आहे असं वाटलं तरच, आणि तेही त्याला आधी सांगून. डॉक्टर मी नसेन, दुसरं कुणी असेल, तरी हे आधीच विचारून घ्या. अपॉइंटमेंटसाठी फोन कराल तेव्हा निबंधातलं ते वाक्य जसंच्या तसं सांगा. "थोडा उदास आहे" म्हणालात तर सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळेल.